बाबांची कंपवाताची गोळी आणि फ्लूच्या विषाणूतलं भोक

पाणपोई (धागाकर्ती)

बाबांना कंपवात होऊन सहा वर्षं झाली. लेव्होडोपा सुरू आहेच, पण गेल्या दिवाळीनंतर हातपाय आपोआप वळवळायला लागले, म्हणून न्यूरोलॉजिस्टनी अमँटाडिन १०० मिलिग्रॅम वाढवून दिलं. औषधाच्या खोक्यातलं घडी घातलेलं पत्रक वाचायची मला जुनी खोड आहे. भिंगाखाली धरून वाचलं तर त्यात कंपवाताच्या शेजारीच 'इन्फ्लुएन्झा ए' लिहिलेलं. आधी वाटलं, छपाईची चूक. औषधाच्या दुकानातल्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, फ्लूला टॅमीफ्लू असतं." म्हणून स्वतःच शोधायला बसले. मी शाळेत विज्ञान शिकवते, संशोधक नाही. कुठे चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

फ्लूच्या विषाणूला पेशी स्वतःच आत घेते. पृष्ठभागावरच्या सायॅलिक आम्ल नावाच्या साखरेला तो चिकटला की पटल आत वळतं, त्याची पुरचुंडी होते आणि विषाणू त्या पुरचुंडीत बसून आत येतो. ही पुरचुंडी म्हणजे एन्डोसोम. आत घेतलेल्या मालाची विल्हेवाट लावायची तर पेशी पुरचुंडीत आम्ल भरते. सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) सातावरून सहा, साडेपाच, पाचपर्यंत उतरतो. विषाणू नेमकी याच आम्लाची वाट बघत असतो. बाहेरच्या अंगाचे हिमॅग्लुटिनिन नावाच्या प्रथिनाचे काटे आम्लात आकार बदलतात आणि विषाणूचं पटल एन्डोसोमच्या पटलाला जोडतात.

एवढ्याने काम भागत नाही. विषाणूच्या पोटात जनुकांचे आठ तुकडे एम१ नावाच्या प्रथिनाशी बांधलेले असतात. ही मोट सुटली नाही तर जनुकं केंद्रकापर्यंत पोचत नाहीत. मोट सुटायला आम्ल आतही शिरायला हवं, म्हणजे आम्लातले प्रोटॉन (धनभारी हायड्रोजन), आणि चरबीच्या पटलातून प्रोटॉन सुखासुखी जात नाही. त्यासाठी भोक पाहिजे. त्या भोकाचं नाव एम२.

एम२ची एक साखळी अवघ्या ९७ अमिनो आम्लांची. अशा चार साखळ्या एकमेकींना टेकून उभ्या राहतात. प्रत्येकीचा पटलातून आरपार गेलेला भाग पिळाच्या आकाराचा, आणि चार पिळांच्या मधोमध जी पोकळी उरते ती वाहिनी. अमँटाडिन त्या पोकळीत जाऊन बसतं, प्रोटॉन आत जात नाहीत, मोट सुटत नाही.

इथवर ठीक. मला खरा धक्का बसला तो सनावळ्या एका कागदावर मांडल्यावर. ड्यूपाँट या अमेरिकी रसायन कंपनीच्या लोकांनी हे औषध फ्लूवर चालतं असं १९६४ मध्ये जाहीर केलं. १९६६ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. ते विषाणूत नेमकं कशाला धरतं, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. १९८५ मध्ये लंडनच्या मिल हिलमधल्या अ‍ॅलन हे यांच्या गटाने दाखवलं की औषधाला न जुमानणाऱ्या विषाणूंत बदल झालेला असतो तो एम२मध्ये. एम२ ही आयन वाहिनी (भारित कणांची वाट) आहे हे सिद्ध झालं १९९२ मध्ये. वाहिनीत बसलेल्या औषधाचं चित्र मिळालं २००८ मध्ये. आणि मधेच, जानेवारी २००६ मध्ये, अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने सांगून टाकलं होतं की फ्लूसाठी हे औषध आता वापरू नका, विषाणू दाद देत नाहीत.

म्हणजे किल्ली आधी सापडली, कुलूप वीस वर्षांनी, आणि कुलपाच्या आतली रचना दिसली तेव्हा किल्ली भंगारात गेलेली. हे असं का झालं? एवढ्याशा भोकात विषाणूने असं काय बदललं? आणि फ्लूतून बाद झालेलं औषध माझ्या बाबांच्या मेंदूत काय करतंय?

कावळा_ओरडला

पयला! धागा वाखुसा. आमच्याकडे पत्रक फक्त गोळ्यांची पट्टी खोक्यात परत बसत नाही म्हणून फेकलं जातं.

रेवती_२७

मस्त लिहिलंय ताई. मी एस.वाय.ला आहे, मायक्रो. बाळबोध शंका असेल तर माफ करा. भोक आहे म्हटल्यावर त्यातून फक्त प्रोटॉनच कसे जातात? सोडियम, पोटॅशियम का जात नाहीत? आणि एम२ वाहिनी आहे हे १९९२ मध्ये तपासलं कसं? विषाणूला तर तारा लावता येत नाहीत.

दीडशहाणा

आयडी बघून घाबरू नका, पीएचडीची पाच वर्षं याच चार पिळांत गेली आहेत.

रेवती, दुसरा प्रश्न आधी. विषाणूला तारा लावता येत नाहीत, पण बेडकाच्या अंड्याला येतात. झेनोपस नावाचा आफ्रिकी बेडूक आहे, त्याचं अंडं जवळपास मिलिमीटरभर, नुसत्या डोळ्यांनी दिसणारं. त्यात एम२चा आरएनए टोचायचा. अंडं बिचारं निमूटपणे ते प्रथिन बनवून आपल्या पटलात बसवतं. मग दोन बारीक विद्युतअग्रं खुपसायची, बाहेरच्या द्रावणाचा सामू उतरवायचा आणि आत येणारा प्रवाह मोजायचा. लॉरेन्स पिंटो आणि रॉबर्ट लँब यांनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हे केलं. आम्ल वाढवलं की प्रवाह वाढला, अमँटाडिन टाकलं की थांबला. औषधाला दाद न देणाऱ्या विषाणूचा एम२ टोचला तर अमँटाडिन टाकूनही प्रवाह चालूच. वाद मिटायला ही शेवटची गोष्ट पुरेशी होती.

आता पहिला प्रश्न. 'भोक' हा शब्द धाग्याच्या नावात शोभतो, पण डोळ्यासमोर नळ आणू नका. बाहेरच्या तोंडाशी साखळीतलं २७वं अमिनो आम्ल आहे, व्हॅलिन. चार साखळ्यांचे चार व्हॅलिन मिळून एक चिंचोळं, पाण्याला नाखूश असं दार करतात. त्याखाली ३१व्या जागी सेरीन, आणि इथे पोकळीत थोडं पाणी नीट रचून बसलेलं असतं. त्याखाली ३७व्या जागी चार हिस्टिडिन आणि एक वेटोळं खाली, ४१व्या जागी, चार ट्रिप्टोफॅन. हिस्टिडिनपाशी वाट जवळजवळ बंद आहे. सोडियमला तिथून निसटायला जागाच नाही.

प्रोटॉन मात्र जातो, कारण त्याला स्वतः चालावं लागत नाही. बांधकामावर घमेली कशी देतात बघितलंय ना? माणसं जागेवर उभी, घमेलं हातोहात पुढे. पाण्याच्या रेणूंच्या रांगेतून प्रोटॉन तसा सरकतो. रांग हिस्टिडिनपाशी आली की हिस्टिडिन वरून एक प्रोटॉन घेतो आणि दुसऱ्या अंगाने एक खाली सोडतो. घेतलेला आणि सोडलेला प्रोटॉन एकच असायचंही कारण नाही.

हिस्टिडिन इथे असण्यात खरी खुबी आहे. बहुतेक अमिनो आम्लांना सामू सातवरून पाचवर आला तरी फरक पडत नाही. हिस्टिडिन नेमका त्याच पट्ट्यात प्रोटॉन धरतो-सोडतो. चौघांत मिळून पहिले दोन प्रोटॉन साध्या, उदासीन सामूलाही धरलेले असतात. सामू सहाच्या आसपास आला की तिसरा येऊन बसतो. आता एवढ्याशा जागेत तीन धन भार, ते एकमेकांना ढकलतात, पिळांची खालची टोकं फाकतात, ट्रिप्टोफॅनची झडप सैल होते आणि वाट चालू होते. म्हणजे दरवाजा उघडणारा आणि दरवाजातून जाणारा एकच.

आणखी एक. ती ट्रिप्टोफॅनची झडप बऱ्यापैकी एकदिशा आहे. आत आम्ल आणि बाहेर नाही, अशी उलटी स्थिती केली तर प्रोटॉन फारसे बाहेर पडत नाहीत. ट्रिप्टोफॅन बदलून दुसरं काही घातलं की गळायला लागतात.

रेवती_२७

आता दिसतंय!! सर अजून एक, किती प्रोटॉन जातात?

दीडशहाणा

सर नको गं, अजून हॉस्टेलची थकबाकी स्वप्नात येते.

फार कमी. पोटॅशियमची चांगली वाहिनी सेकंदाला कोटीच्या घरात आयन सोडते, एम२ शेकड्यांत, फार तर हजारांत. आमच्यात कित्येक जण याला वाहिनी म्हणायचंच नाही, वाहक म्हणा, यावर भांडले आहेत.

पण विषाणूला तेवढं पुरतं. कागद घे. विषाणू गोल धर, व्यास १०० नॅनोमीटर. त्याचं आकारमान काढ, सामू पाचला प्रोटॉनची संहती घे, अ‍ॅव्होगॅड्रोने गुण. आत मोकळे प्रोटॉन किती येतात ते सांग.

रेवती_२७

तीन???? दोनदा केलं. ३.१५ आलं.

दीडशहाणा

बरोबर. अख्ख्या विषाणूत, पाचच्या सामूला, सुटे प्रोटॉन तीन. सातच्या सामूला तर शंभर विषाणू शोधल्यावर तीन. बाकी जे आत शिरतात ते आतल्या प्रथिनांना चिकटतात आणि चिकटण्यानेच एम१ची पकड सुटते. म्हणून प्रत्यक्षात काही हजार तरी आत जावे लागतात, आणि मोजक्या वाहिन्यांना ते सहज जमतं. धरण फोडायचं नाहीये, वाटीभर पाणी आंबट करायचंय.

खलबत्ता

औषधाच्या बाजूने चार शब्द. आयुष्य रसायनांच्या कारखान्यात गेलं, त्यामुळे मला वाहिनीपेक्षा बुचाचं कौतुक जास्त.

अमँटाडिन म्हणजे अ‍ॅडमँटेन नावाच्या पिंजऱ्याला लावलेला एक अमाइन, म्हणजे नायट्रोजनचा गट. पिंजरा दहा कार्बनचा, चारही बाजूंनी बंद, आणि कार्बनची मांडणी हिऱ्यातल्यासारखी. नावही हिऱ्याच्या ग्रीक शब्दावरूनच आलं. १९३३ मध्ये चेकोस्लोव्हाकियात स्टानिस्लाव्ह लांडा यांना तो चक्क खनिज तेलात सापडला. तेलात अगदी कमी, म्हणून तो सुटा करणं किचकट. पुढे १९५७ मध्ये श्लायर यांनी सोपी कृती शोधली आणि मग पिंजरा पोत्याने मिळायला लागला. पोत्याने मिळायला लागल्यावर औषधवाल्यांनी त्याला हे लाव, ते लाव सुरू केलं. त्या खटाटोपातून १९६४.

पाणपोईताई, तुम्ही लिहिलंत की कुलूप माहीत नसताना किल्ली सापडली. त्या काळी बहुतेक औषधं अशीच सापडली. पेशींवर विषाणू सोडायचा, वरून हजार रसायनं टाकून बघायची, जे चाललं ते चाललं. आज आम्ही आधी कुलपाचा नकाशा मागतो, आणि तरी किल्ली बसत नाहीच.

अवांतर: ज्यांच्या घरी मधुमेहासाठी व्हिल्डाग्लिप्टिन घेतात, त्यांच्या गोळीतही हाच पिंजरा आहे. डोळे मिटून ओळखणार नाही, पण आहे. काम तिथे पूर्ण वेगळं, वाहिनीशी संबंध नाही. स्मृतिभ्रंशाची मेमँटिन तर अमँटाडिनची सख्खी बहीण, पिंजऱ्याला दोन मिथाइल जास्त.

पाणपोई

आईला व्हिल्डाग्लिप्टिन चालू आहे! म्हणजे आमच्या घरात दोन पिंजरे. खलबत्ताकाका, मग पोकळीत हा पिंजरा बसतो कसा? नुसता अडकतो की चिकटतो? आणि एक बदल झाला की काय बिघडतं?

खलबत्ता

दीडशहाण्यांनी वर सांगितलं तो सेरीन ३१ लक्षात ठेवा. पिंजरा त्याच्या आसपास, व्हॅलिनच्या दाराच्या आत बसतो. गोल, तेलकट पिंजरा वरच्या तेलकट भागात, आणि अमाइनचं टोक खाली हिस्टिडिनकडे तोंड करून.

सर्वांत जास्त आढळलेला बदल म्हणजे ३१व्या जागी सेरीनऐवजी अ‍ॅस्परजिन. सेरीन छोटा, अ‍ॅस्परजिन लांब. चार साखळ्या, म्हणजे चार लांब हात पोकळीत घुसले. जागा आखूड झाली, वर तिथला तेलकटपणा गेला. पिंजरा बसत नाही, प्रोटॉनला काही फरक नाही. दुसरा बदल २७व्या जागी व्हॅलिनऐवजी अ‍ॅलनिन. तिथे उलटं होतं. दार इतकं रुंद होतं की पिंजरा ठरतच नाही, निसटतो. एकाने अंगठी घट्ट केली, एकाने सैल, बोटात दोन्ही नाहीत.

दीडशहाणा

सगळं बरोबर, पण काका, हे आज इतकं सरळ सांगता येतंय. २००८ मध्ये या एका मुद्द्यावरून मारामारी व्हायची बाकी होती.

३१ जानेवारी २००८च्या 'नेचर'मध्ये एम२वर दोन लेख लागोपाठ छापले. विल्यम डिग्रॅडो यांच्या गटाने स्फटिकावर क्ष-किरण टाकून दाखवलं की पोकळीत एक अमँटाडिन आहे. जेसन श्नेल आणि जेम्स चू यांनी एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत मोजून) दाखवलं की रिमँटाडिनचे चार रेणू पोकळीच्या बाहेर, चरबीच्या बाजूला, ४४व्या जागेजवळ चिकटलेत. रिमँटाडिन म्हणजे अमँटाडिनचा भाऊच. एकच प्रथिन, एकच अंक, शेजारची पानं आणि औषध दोन ठिकाणी. परिषदांत दोन पंगती बसायच्या.

दोन वर्षांनी मेई हाँग यांच्या गटाने हा वाद सोडवला. त्यांनी प्रथिन साबणात न ठेवता खऱ्या चरबीच्या पटलात ठेवलं आणि औषधातल्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन घालून औषध ते सेरीन ३१ हे अंतर मोजलं. औषध कमी असताना ते पोकळीतच बसतं. बाहेरची जागा खोटी नव्हती, पण ती भरायला औषध भरमसाट ओतावं लागतं. चूच्या नमुन्यात ते भरमसाट होतं. माझं मत विचाराल तर दोघांनीही जे दिसलं ते प्रामाणिकपणे छापलं. आमच्या मार्गदर्शकांचं मत इतकं सौम्य नव्हतं.

आणि काका, तुमच्या 'बूच' शब्दाला थोडी भर. नंतरच्या बारीक क्ष-किरण चित्रांत पोकळीतलं पाणी रेणूरेणूने दिसलं. अमाइनला शरीरात धन भार असतो. ज्या जागी प्रोटॉन घेतलेल्या पाण्याच्या रेणूला घटकाभर टेकायला बरं वाटतं, नेमक्या त्या जागेवर हा धनभारी अमाइन पाण्याचे रेणू बाजूला सारून बसतो. वरून पिंजरा दार भरतो, खालून अमाइन प्रोटॉनचं सोंग घेऊन त्याची गादी अडवतो. नुसतं लाकडी बूच असतं तर इतकं नेमकं बसलं नसतं. हे कोणी आखून केलेलं नाही, १९६४ मध्ये हाताला लागलेलं आहे.

अंडीवाला

नमस्कार. पोल्ट्रीवाला आहे, नवापूरकडचा. फेब्रुवारी २००६ आमच्यापैकी कोणी विसरणार नाही. भोपाळच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला, एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू, आणि लाखो कोंबड्या पुरल्या. तेव्हा ऐकलेलं की चीनमधल्या पोल्ट्रीवाल्यांनी माणसाचं हे औषध कोंबड्यांच्या पाण्यात घालून घालून वाया घालवलं. तुमचं ते सेरीनचं अ‍ॅस्परजिन त्यांनीच केलं ना?

डॉ_निवडुंग

अंडीवाले, ती बातमी २००५ मध्ये आली होती आणि कोंबड्यांना अमँटाडिन दिलं जात होतं याचा गाजावाजाही झाला. एच५एन१च्या बाबतीत त्याला हातभार लागलाही असेल. पण माणसात फिरणाऱ्या फ्लूचा दोष कोंबड्यांवर टाकता येत नाही.

आकडे बघा. जगभरातल्या एच३एन२ (माणसात फिरणारा फ्लू एचा एक प्रकार) विषाणूंत औषधाला दाद न देणारे १९९४-९५ मध्ये अर्धा टक्काही नव्हते. २००३-०४ मध्ये बारा टक्के झाले. २००५-०६च्या हिवाळ्यात अमेरिकेत नव्वद टक्क्यांवर गेले. म्हणून तो जानेवारीतला आदेश. औषध घेणाऱ्या माणसात दाद न देणारा विषाणू तयार होणं नवं नव्हतं. घेणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांशांत तो काही दिवसांत दिसायचा. पण तीसएक वर्षं असे विषाणू जिथल्या तिथे विझत होते. मग एकदम सगळं जग कसं पादाक्रांत केलं? आणि जिथे हे औषध कोणी फारसं घेत नव्हतं, तिथेही?

दीडशहाणा

डॉक्टरांनी बरोबर जागी बोट ठेवलं. विषाणूची सगळी जनुकं वाचून पाहिल्यावर दिसलं की हा बदल दुसऱ्याच्या गाडीत बसून आला. विषाणूच्या एका वंशात इतर जनुकांत काही फायद्याचे बदल झाले होते, त्या वंशाने बाकीच्यांना मागे टाकलं, आणि त्याच्याकडे योगायोगाने ३१व्या जागी अ‍ॅस्परजिन होतं. औषधाचा दबाव नसताना हा बदल विषाणूला जड नसल्यामुळे तो टाकून द्यायचं कारणही नव्हतं. २००७ मध्ये हे छापून आलं.

म्हणून पाणपोई, तुमच्या 'किल्ली भंगारात का गेली' याचं उत्तर थोडं चिडवणारं आहे. निदान एच३एन२पुरतं तरी, औषध जास्त वापरलं म्हणून ती गेली असं म्हणता येत नाही. विषाणूने तिच्यासाठी कुलूप बदललंच नव्हतं. बिऱ्हाड बदललं, नव्या घराचं कुलूप वेगळं निघालं.

अंडीवाला

ऐकून बरं वाटलं. कोंबडीवाल्यावर खापर फोडायची सवय झालीये लोकांना.

डॉ_निवडुंग

पुण्याचं सांगतो. २००९च्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला. शाळा बंद, तोंडाला रुमाल, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा, नमुने पाषाणला राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे. मी तेव्हा निवासी डॉक्टर होतो. हातात होतं ते ओसेल्टामिव्हिर, म्हणजे टॅमीफ्लू. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलेलं आठवतं, "टॅमीफ्लू कमी पडलं तर अमँटाडिन देऊ या का?" नाही देता येत. त्या विषाणूचा एम२ असलेला तुकडा युरेशियातल्या डुकरांच्या फ्लूमधून आलेला, आणि त्यात ३१व्या जागी अ‍ॅस्परजिन आधीपासूनच. एकाही माणसाला अमँटाडिन द्यायच्या आधी हा विषाणू त्याला दाद देत नव्हता. टॅमीफ्लू दुसरीकडे काम करतं: तयार झालेले नवे विषाणू पेशीवरून सुटताना लागणाऱ्या न्यूरामिनिडेज नावाच्या प्रथिनावर.

पाणपोई

हे वाचून बाबांनी विचारलं (धागा मी त्यांना रोज संध्याकाळी वाचून दाखवतेय), "मग मी ही गोळी घेतोय तर मला फ्लू होणारच नाही, नाही का?" मी त्यांना म्हटलं, एम२ बंद पडला की विषाणू पेशीत शिरतच नाही, पण आताचे विषाणू तसे राहिले नाहीत, म्हणून होऊ शकतो. बरोबर ना?

दीडशहाणा

दुसरं वाक्य बरोबर, पहिलं अर्धं. एम२ बंद पडला तरी विषाणू पुरचुंडीत बसून शिरतो, त्याचं पटलही जुळू शकतं. जनुकांची मोट मात्र सुटत नाही. घरात आलाय, पण गाठोडं उघडता येत नाही.

काही कोंबड्यांच्या विषाणूंत एम२ला दुसरंही काम असतं: नवे विषाणू बाहेर पडायच्या वाटेवर पेशीच्या आतल्या आम्लात हिमॅग्लुटिनिनचे काटे वेळेआधी उघडू नयेत म्हणून तिथलं आम्ल कमी करायचं. त्यात फार शिरत नाही.

डॉ_निवडुंग

आणि बाबांना सांगा, फ्लूची लस दरवर्षी घ्यायची. गोळीचा त्यात उपयोग शून्य.

कंपवातात ती का चालते याची गोष्ट मजेची आहे. १९६८ मध्ये बोस्टनला ५८ वर्षांच्या एका बाईंनी आपल्या डॉक्टरांना, रॉबर्ट श्वाब यांना, सांगितलं की फ्लू होऊ नये म्हणून अमँटाडिन दिवसातून दोनदा घेत होते तेव्हा हाताची थरथर, ताठरपणा खूप कमी झाला होता, आणि सहा आठवड्यांनी बंद केल्यावर सगळं परत आलं. श्वाब यांनी "योगायोग असेल" म्हणून सोडून दिलं नाही. इतर रुग्णांना देऊन पाहिलं, १९६९ मध्ये छापलं. रुग्ण काय बोलतो ते ऐकावं, हे मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा याच बाई आठवतात.

मेंदूत ते इतर गोष्टींबरोबर ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाच्या एनएमडीए नावाच्या ग्राहीवर (संदेश घेणाऱ्या प्रथिनावर) काम करतं. ही ग्राहीही एक आयन वाहिनीच आहे. ती उघडली की अमँटाडिन तिच्या पोकळीत शिरून प्रवाह रोखतं. हातपाय वळवळणं त्याने कमी होतं असं मानतात. म्हणजे विषाणूच्या वाहिनीचं बूच माणसाच्या वाहिनीतही बसतं, पण दोन वाहिन्यांचं एकमेकींशी नातं काही नाही. पिंजरा गोल, धनभारी शेपटी. अशी वस्तू बऱ्याच भोकांत बसते.

एक सावधगिरी. हे औषध शरीरात फारसं न मोडता लघवीवाटे जातं. मूत्रपिंड मंद असेल तर साठतं. ज्येष्ठांत भास होणं, झोप उडणं, पायांवर जांभळट जाळी उमटणं, असं काही दिसलं तर तुमच्या न्यूरोलॉजिस्टना लगेच सांगा. गोळी मनाने एकदम बंद मात्र करू नका.

कावळा_ओरडला

जांभळट जाळी??? आत्ता मातोश्रींचे पाय बघून आलो. व्हेरिकोज व्हेन्स निघाल्या. गोळी तर त्या घेतच नाहीत.

रेवती_२७

कोविडमध्येही अशी वाहिनी आहे ना? ई प्रथिन? तिथे अमँटाडिन चाललं का?

दीडशहाणा

आहे. करोनाच्या ई प्रथिनात ७५ अमिनो आम्लं आणि चारऐवजी पाच साखळ्यांची जुडी. अशा विषाणूंच्या छोट्या वाहिन्यांचं एक कुटुंबच आहे. हिपॅटायटिस सीचं पी७, एचआयव्हीचं व्हीपीयू. एम२मध्ये जो हिस्टिडिन-ट्रिप्टोफॅनचा जोड आहे तो ई प्रथिनात नाही. अमँटाडिन तिथे चिकटतं पण दुबळं. पोलंडमध्ये लोकांनी साथीत या गोळ्यांसाठी अक्षरशः दुकानं पालथी घातली होती, मग तिथे रीतसर चाचणी झाली आणि फायदा दिसला नाही.

फ्लू बीचं विचारशील म्हणून आधीच सांगतो. त्यालाही बीएम२ नावाची वाहिनी आहे, १०९ अमिनो आम्लांची, तोच हिस्टिडिन-ट्रिप्टोफॅनचा जोड. पण पोकळीच्या भिंतीला तेलकट भाग नाही, सेरीन जास्त. त्यामुळे पिंजऱ्याला तिथे कधीच बरं वाटलं नाही. अमँटाडिन फ्लू बीवर पहिल्या दिवसापासून निकामी.

खलबत्ता

नव्या कुलपाला नवी किल्ली करायचा खटाटोप झालाय. डिग्रॅडो आणि जुन वांग यांनी पिंजऱ्याला लांब, चपटी शेपटी लावून अ‍ॅस्परजिनवाली वाहिनी अडवून दाखवली, २०१३ मध्ये. प्रयोगशाळेत छान. बाजारात अजून काही आलेलं नाही. आणि विषाणू त्या शेपटीलाही बगल द्यायला किती दिवस घेईल, हे आम्हा जुन्या खोडांना विचारू नका.

पाणपोई

सगळ्यांचे आभार. काल नववीच्या वर्गात चार मुलांना पाठीला पाठ लावून मधे जागा ठेवून उभं केलं, बाकीच्यांनी हातोहात खडू पुढे द्यायचे. मधे मी एक गोल डबा धरला. खडू अडले. मग चौघांना कोपरं मागे काढायला सांगितलं तर डबा बसेना, आणि खडू कोपरांमधून निघून गेले. एकाने विचारलं, "बाई, मग डब्याऐवजी पेन्सिल घातली तर?" खलबत्ताकाका, हा मुलगा तुमच्याकडे पाठवू का?

खलबत्ता

दहावी झाल्यावर पाठवा. पेन्सिल घेऊनच येऊ दे.